पेराडेनिया बोटॅनिकल गार्डन : दीड तास पुरेल का?

उनाडकी

नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत श्रीलंकेला चाललोय. मी, नवरा, सासू-सासरे आणि आमचं चौथीतलं कार्टं. ट्रॅव्हलवाल्याने कँडीच्या दिवसाचं जे पाठवलंय त्यात सकाळी चहाची फॅक्टरी, मग जेवण, मग 'पेराडेनिया गार्डन दीड तास', मग रत्नांचं दुकान (हे कोणी मागितलं होतं देव जाणे) आणि संध्याकाळी दंतमंदिरात (बुद्धाचा दात ठेवलेलं देऊळ) साडेसहाची पूजा. आता प्रश्न असा की हे गार्डन म्हणजे नुसती हिरवळ आणि फुलांचे ताटवे असतील तर मी सरळ कापून टाकीन, कारण सासूबाईंचा गुडघा आणि दुपारचं ऊन हे गणित जमत नाही. पण सासरे कोकणातले वाडीवाले, झाड दिसलं की थांबणारच. कोणी गेलंय का? काय बघावं, किती वेळ लागतो, म्हाताऱ्या माणसांना झेपेल का? लवकर सांगा, शुक्रवारपर्यंत त्याला उत्तर द्यायचंय.

टिकमार्क

जाऊन आलोय. दीड तास पुरे. आत शिरायचं, ऑर्किड हाऊस, ते मोठं झाड, झुलता पूल, फोटो, बाहेर. बाकी सगळी झाडंच आहेत हो.

गवती चहा

"बाकी सगळी झाडंच आहेत" 😂 बोटॅनिकल गार्डनमध्ये दुसरं काय असणार होतं दादा?

फांदेबाज

उनाडकी, सगळ्यात आधी दुपारचं रद्द कर. गार्डन सकाळी साडेसातला उघडतं, त्या वेळी आत शिरा आणि चहाची फॅक्टरी दुपारी ढकला, फॅक्टरीला छप्पर असतं, ऊन लागत नाही. त्या दीड तासाचं काय ते नंतर बोलू, आधी दीड तास *कुठला* ते महत्त्वाचं. जेवून अडीच वाजता तिथे गेलात तर सासूबाई पहिल्या बाकावर बसतील आणि तिथेच ट्रिप संपेल.

आता जागेबद्दल. बाग १४७ एकर आहे, कँडीपासून सहाएक किलोमीटर, कोलंबो रस्त्यावर. महावेली नदी तिला तिन्ही बाजूंनी वळसा घालून जाते त्यामुळे आतली जमीन जवळजवळ सपाट आहे, चढण अशी नाही, हा गुडघ्यासाठी मोठा प्लस पॉइंट. समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटर उंची, म्हणजे कोलंबोएवढं घामाघूम होत नाही पण दमटपणा आहेच. आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. त्या घ्या, पण फक्त लांबच्या टोकाला जायला. गाडीतून अख्खी बाग बघितली तर टिकमार्क म्हणतात तसंच होईल, सगळी झाडंच दिसतील.

मी काय करतो सांगू का, कुठल्याही मोठ्या बागेत मी नकाशा घेऊन पाच-सहा झाडं ठरवतो आणि त्यांच्यापाशी निवांत थांबतो, मधलं जे दिसेल ते बोनस. पेराडेनियात चार हजारांच्या वर जाती आहेत, त्या 'कव्हर' करायला गेलात तर डोकं फिरेल.

माझी निवड:

ते मोठं झाड. मोठ्या हिरवळीच्या मधोमध आहे. वडासारखं वाटतं पण वड नाही, फायकस बेंजामिना, जावा अंजीर म्हणतात. गंमत म्हणजे हेच झाड आपल्याकडे ऑफिसात आणि मॉलमध्ये कुंडीत ठेवलेलं असतं, चारपाच फुटांचं, धूळ खात. तिथे ते काय होतं ते बघा. वडाच्या पारंब्या जमिनीत जाऊन नवे खांब होतात, इथे तसं नाही, फांद्याच इतक्या लांब आणि आडव्या गेल्यात की खाली अख्खी शाळेची सहल बसते. लांबून फोटो काढून परत फिरू नका, बुंध्यापाशी आत जा आणि वर बघा.

तोफगोळ्याचं झाड म्हणजे आपला कैलासपती. १९०१ साली पाचव्या जॉर्जने आणि मेरीने लावलेलं (तेव्हा ते राजा-राणी झाले नव्हते). फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून येतात आणि वास असा की आधी नाकाला कळतं मग डोळ्याला. फळं तोफेच्या गोळ्यासारखी, ती मात्र फुटली की घाण वास मारतात, खाली उभं राहू नका.

डबल कोकोनट आणि बांबू यांवर नंतर लिहितो, मीटिंग आहे.

टिकमार्क

तोफगोळ्याचं झाड बघायला श्रीलंका कशाला, आमच्या सोसायटीच्या मागच्या शंकराच्या देवळात आहे.

बोराटी

आहे ना, पण ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. देवळात कधी पोचलं आणि पुजारी त्याची फुलं पिंडीवर कधी वाहायला लागले याचा कधी विचार केलात का? मला तर बोटॅनिकल गार्डनमध्ये हेच सगळ्यात भारी वाटतं, पाटी वाचायची. पाटीवर नाव असतं, कुळ असतं आणि मूळ देश असतो, लोक फक्त नाव वाचतात. देश वाचत जा. अर्ध्या तासात कळतं की आपण ज्याला 'आपलं' समजतो त्यातलं निम्मं बोटीने आलंय.

बखरवाला

बोराटी यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय म्हणून लिहितो, लांब होईल, ज्यांना फक्त टिप्स हव्यात त्यांनी स्क्रोल करा.

या बागा लोकांना फिरायला म्हणून झालेल्याच नाहीत. पेराडेनियाची जागा मुळात राजांची. चौदाव्या शतकात तिसरा विक्रमबाहू इथे दरबार भरवायचा, अठराव्या शतकात पुन्हा राजनिवास झाला. १८१५ मध्ये इंग्रजांनी कँडीचं राज्य घेतलं आणि १८२१ मध्ये अलेक्झांडर मून या माणसाने दक्षिणेकडच्या कळुतारा इथल्या बागेतली झाडं आणून इथे बाग सुरू केली. हेतू साधा होता, या हवेत कुठलं पीक पैसा देईल ते तपासायचं. म्हणजे आजच्या भाषेत बाग कमी आणि आर अँड डी सेंटर जास्त.

आता कँडीच्या आसपास तुम्हाला चहाच चहा दिसेल, पण १८६० च्या दशकात तिथे कॉफी होती. सिलोन कॉफीचं मोठं उत्पादक होतं. १८६९ मध्ये पानांवर नारिंगी भुकटी दिसायला लागली. पेराडेनियाचा त्या वेळचा संचालक थ्वेट्स, त्याने नमुने इंग्लंडला पाठवले, तिथे बुरशीतज्ज्ञ बर्कलीने बुरशी ओळखली आणि नाव दिलं हेमिलिया व्हास्टॅट्रिक्स. नावातच सत्यानाश आहे. मळेवाल्यांनी आधी मनावर घेतलं नाही. मग १८८० मध्ये मार्शल वॉर्ड नावाचा तरुण शास्त्रज्ञ आला, त्याने दोन वर्षं राबून बुरशीचं अख्खं जीवनचक्र उलगडलं आणि सांगितलं की डोंगरच्या डोंगर एकाच पिकाने भरले की रोगाला मोकळं रान मिळतं. तोपर्यंत उशीर झाला होता. मळे बसले. आणि मग चहा. चहाची रोपं पेराडेनियात १८२४ पासून होती, चीनमधून आलेली, नंतर १८३९ मध्ये आसामची आली, बागेत नुसती उभी होती. जेम्स टेलरने १८६७ मध्ये लूलकंदुरा इथे एकोणीस एकरांवर चहा लावला होता, कॉफी मेल्यावर सगळे त्याच्या मागे धावले.

रबराचं तसंच. १८७६ मध्ये विकहॅमने ब्राझीलमधून सत्तर हजार बिया लंडनजवळच्या क्यू गार्डनला पोचवल्या, त्यातल्या थोड्याच उगवल्या, आणि उगवलेल्या रोपांपैकी बहुतेक सिलोनला पाठवली कारण इथे सांभाळायला माणसं आणि हवा दोन्ही होती. पुढच्या वर्षी सिंगापूरला गेली फक्त बावीस. आग्नेय आशियातला रबराचा सगळा धंदा या रोपांवर उभा आहे. आणि तो ज्यांच्या घामावर उभा राहिला ते मळ्यावरचे तमिळ मजूर, त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही. बाग सुंदर आहेच. पण चहाची फॅक्टरी बघून तिथे जाणार असाल तर हे डोक्यात असू द्या, दोन्ही जागा एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

गवती चहा

बखरवाला __/\__ माझ्या आयडीला आज अर्थ मिळाला.

पाचोळा

वाचनखूण साठवली. थोडं अवांतर: १९४४ मध्ये माउंटबॅटनने आग्नेय आशिया कमांडचं मुख्यालय दिल्लीहून इथे हलवलं होतं, याच बागेत. ब्रह्मदेशातल्या लढाईचे निर्णय ऑर्किडच्या शेजारी बसून होत होते. आपलं नशीब बघा, आपल्याला मीटिंग रूमला खिडकीसुद्धा नसते.

उनाडकी

बापरे, मी दीड तास विचारला तर तुम्ही दोनशे वर्षं दिलीत 😀 सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते आता ऐकतच नाहीयेत, पूर्ण दिवस हवा म्हणतायत. सासूबाई म्हणाल्या तुम्ही बसा झाडाखाली, मी देवळात जाते.

पोराचं काय करू? त्याला झाडात शून्य इंटरेस्ट आहे.

अक्का

वटवाघळं दाखव.

अक्का

पूर्ण लिहिते, मघाशी मोबाईलवर होते. तिथे मोठ्या फळवटवाघळांची प्रचंड वसाहत आहे, उंच झाडांना दिवसाढवळ्या हजारोंनी लटकलेली असतात. पंख पसरले तर मीटरभराच्या वर जातात. दिवसा झोपतात हे पुस्तकात, प्रत्यक्षात अखंड कलकल आणि भांडणं चालू. ऊन वाढलं की पंखाने स्वतःला वारा घालतात, ते बघायला माझा नातू अर्धा तास मान वर करून उभा होता. ज्या झाडांवर बसतात त्यांची पानं ओरबाडून झाड पार बोडकं करतात, त्यामुळे बागवाल्यांना ती डोकेदुखीच आहेत, पण पोरांना पर्वणी. टोपी घालूनच खाली उभं राहायचं, कारण सांगायला नको.

आणि माकडं आहेत. हातात बिस्किटाचा पुडा दिसला की संपलं. खाऊ बॅगेत, बॅगेची चेन बंद.

फांदेबाज

आलो परत. पोरासाठी आणखी एक, कुक पाइनची रांग. उंच सरळसोट झाडं असायला हवीत तर ती सगळी तिरकी, झिंगल्यासारखी. ही जात मूळची न्यू कॅलेडोनियातली, आणि जगात जिथे जिथे लावली तिथे ती विषुववृत्ताच्या बाजूला झुकते असं संशोधकांना मोजमाप करून आढळलंय. उत्तर गोलार्धात दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. विषुववृत्तापासून जितकं लांब तितका झोक जास्त. श्रीलंका विषुववृत्ताच्या जवळच, त्यामुळे तिथला झोक सगळाच या हिशोबात बसेल असं नाही. मोबाईलवर होकायंत्र उघडून दे आणि म्हण प्रत्येक झाड कुठे झुकलंय ते तपास. एक तास निश्चिंती.

डबल कोकोनट: हे चुकवायचं नाही. सेशेल्समधल्या प्रालीन आणि क्युरीयूस या दोनच बेटांवर नैसर्गिकरीत्या वाढणारा माड. जगातलं सगळ्यात मोठं बी याचं, पंचवीस किलोपर्यंत जातं, फळ पिकायला सहा-सात वर्षं. नर झाड वेगळं, मादी वेगळी. पेराडेनियात त्यांची रांग आहे. वर फळं लटकलेली दिसली की नकळत दोन पावलं मागे सरकतो माणूस.

बांबू: नदीच्या कडेला डेन्ड्रोकॅलॅमस जायगँटियस. मांडीएवढ्या जाडीच्या काठ्या. पावसाळ्यात नवे कोंब दिवसाला फूटभर वाढतात, तुम्ही फेब्रुवारीत जाताय म्हणजे कोंब दिसायची शक्यता कमी, पण बेटाखाली उभं राहून वाऱ्यात त्यांचा करकर आवाज ऐका. लोकांनी सालीवर नावं कोरून ठेवलीत, ते बघून चिडायचं नाही (मी चिडतो).

टिकमार्क

झुलत्या पुलाबद्दल कोणीच बोलत नाहीये. महावेलीवर आहे, हलतो मस्त. पोराला तोच आवडेल, पैज.

आणि परदेशी लोकांचं तिकीट स्थानिकांपेक्षा बरंच जास्त आहे, पाच जणांचं आधी विचारून घ्या, ट्रॅव्हलवाल्याच्या पॅकेजमध्ये आहे की वेगळं ते. नंतर गेटवर वाद नको.

गवती चहा

टिकमार्क यांच्याशी पहिल्यांदाच सहमत. तिकिटाबाबत. पुलाबाबत नाही, माझा जीव पायात आला होता.

सुरंगी

कोणी ॲम्हर्स्टियाचं नाव कसं घेतलं नाही! मूळ ब्रह्मदेशातलं झाड, फुलांचे लालभडक घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, मोठ्या पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. नॅथॅनिएल वॉलिचने लेडी ॲम्हर्स्टच्या नावाने ठेवलं. जंगलात जवळजवळ दिसतच नाही आता, बागांमध्येच उरलंय. फेब्रुवारी म्हणजे फुलायच्या दिवसांतच जाताय, मिळायला हवं. गेटवर माळ्याला विचारा, नकाशापेक्षा माळी बरा. मी तर म्हणते कुठल्याही बागेत शिरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा, "आज काय फुललंय?" माळी लोकांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, सगळे बाथरूम कुठे ते विचारतात.

ऑर्किड हाऊसबद्दल: छान आहे, पण तिथे दिसतात ती बरीचशी संकरित, दुकानी रंगाची. श्रीलंकेचं स्वतःचं वेसाक ऑर्किड मे महिन्याच्या सुमाराला फुलतं, ते तुम्हाला दिसणार नाही. ऑर्किडच बघायची असतील तर सिंगापूरला नॅशनल ऑर्किड गार्डन आहे, त्याला तोड नाही.

पाचोळा

सिंगापूरचं आलंच आहे तर, ती बाग पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत उघडी आणि फुकट, फक्त ऑर्किडचा भाग पैसे देऊन. २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. तिथली मला आवडलेली गोष्ट म्हणजे मधोमध सहाएक हेक्टर मूळचं वर्षावन तसंच ठेवलंय, शहराच्या आधीपासूनचं. लोक जॉगिंग करत त्याच्या बाजूने जातात आणि आत वळत नाहीत.

आणि तिथे रिडली नावाचा संचालक होता, १८८८ पासून वीसेक वर्षं, खिशात रबराच्या बिया घेऊन मळेवाल्यांच्या मागे लागायचा, लोक त्याला वेडा रिडली म्हणायचे. झाड न मारता चीक कसा काढायचा ती तिरक्या खाचांची पद्धत त्याने बसवली. नंतर मोटारगाड्या आल्या, टायरला रबर लागलं आणि तेच लोक श्रीमंत झाले. बखरवाला, दुरुस्ती असेल तर सांगा.

बखरवाला

दुरुस्ती नाही, अनुमोदन. फक्त ती बावीस रोपं आठवा, रिडलीच्या खिशातल्या बिया त्यांच्याच पुढच्या पिढ्यांच्या.

उनाडकी

आलो जाऊन!! धागा वर काढतेय, सगळ्यांना वृत्तांत देणं लागते.

ट्रॅव्हलवाल्याशी भांडून रत्नांचं दुकान उडवलं आणि सकाळी पावणेआठला गेटवर. एवढ्या सकाळी आम्ही आणि शाळेची एक सहल, पांढऱ्या गणवेशातली पोरं, बाकी कोणी नाही. आत शिरल्या शिरल्या उजवीकडे मसाल्याची बाग आहे हे तुमच्यापैकी कोणीही सांगितलं नव्हतं, आणि तिथेच आमचा घात झाला. सासरे हलेचनात. लवंग, दालचिनी, वेलची, व्हॅनिला आणि जायफळ. त्यांच्या वाडीत सुपारीत जायफळाची झाडं आहेत, पण इथल्या झाडाचा घेर बघून ते गप्पच झाले, मग तिथल्या माळ्याशी बोलायला लागले. माळ्याला मराठी येत नाही, ह्यांना सिंहली येत नाही, इंग्रजी दोघांचं बेताचं, तरी दोघं नर झाड मादी झाड कलम छाटणी सगळं हातवारे करून बोलत होते आणि एकमेकांना कळतही होतं. माळ्याने पडलेलं एक फळ फोडून दाखवलं, आत लाल जायपत्रीची जाळी, माझ्या नवऱ्याला पहिल्यांदाच कळलं की जायफळ आणि जायपत्री एकाच फळातनं निघतात. वाडीवाल्याचा मुलगा! सासऱ्यांनी फक्त एकदा बघितलं त्याच्याकडे.

सासूबाईंना गाडीतून मोठ्या झाडापाशी नेऊन बसवलं. देवळात जाते म्हणणाऱ्या बाई तिथून उठेनात. शाळेच्या पोरी येऊन त्यांच्या नऊवारीला हात लावून बघत होत्या, मग सगळ्यांबरोबर फोटो. कुंडीतलं झाड आहे हे सांगितलं तर विश्वास बसला नाही, घरी येऊन दिवाणखान्यातल्या कुंडीकडे संशयाने बघतायत.

पोरगं: वटवाघळं सुपरहिट. अक्का, तुम्हाला त्याच्याकडून थँक्यू. टोपीचा सल्ला योग्य होता, नवऱ्याने ऐकला नाही. कुक पाइन मोजताना त्याला दोन झाडं भलतीकडेच झुकलेली सापडली आणि तो त्याच्यावर इतका खूश झाला की शास्त्रज्ञांना पत्र लिहायचं म्हणतोय. फांदेबाज, पत्ता द्या.

झुलता पूल: टिकमार्क, पैज हरलात. घाबरला आणि परत फिरला.

ॲम्हर्स्टिया मिळालं. "आज काय फुललंय" विचारलं तर माळ्याने स्वतः चालत नेलं. सुरंगीताई, फोटोत काही येत नाही ते झाड, तुम्ही लिहिलंय ते वाचूनच लोकांनी समाधान मानावं. वाटेत पुढे रशियाचा झार झालेल्या निकोलसने १८९१ मध्ये लावलेलं नागकेशर दिसलं आणि अंतराळवीर गागारिनने लावलेलं झाडही. सासरे म्हणाले, झाडाला काय माहीत राजाने लावलं की गड्याने, पाणी गड्यानेच घातलं असणार.

एकूण पाच तास. नदीकाठचा लांबचा भाग राहिलाच, बांबूचं एक टोक बघितलं आणि पाय गेले. चहाची फॅक्टरी रद्द. दंतमंदिराच्या वाटेवर संध्याकाळी कँडीत इतकं ट्रॅफिक की पूजा सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी पोचलो, तेव्हा गाडीने जाणाऱ्यांनी वेळ हातात ठेवा. डासांचं मलम लावून जा, आम्ही लावलं होतं, तरी नदीकडच्या बाजूला चावलेच.

अक्का

नवऱ्याला सांग, अक्काचं ऐकत जा 😄

टिकमार्क

पाच तास!! बरं. पैजेचं मान्य. पण मी एकटा गेलो होतो आणि पुढे नुवारा एलियाची गाडी गाठायची होती, हे पण लक्षात घ्या. प्रत्येकाकडे वाडीवाले सासरे नसतात.

फांदेबाज

हे बरोबर आहे तुमचं. खरं तर माळ्याशी हातवारे करणारा एक माणूस बरोबर असला तर माझी यादी फाडून टाकली तरी चालेल.

हावडा मेल

उशिरा आलो. कोलकात्यात नोकरीला होतो तेव्हा रविवार तिथल्या शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये काढायचो. डबल कोकोनटचा विषय निघालाय म्हणून सांगतो, शिबपूरला एक आहे. १८९४ साली लावलेलं. फुलायलाच नव्वदच्या वर वर्षं घेतली, तेव्हा कळलं मादी आहे. आता नर कुठून आणणार? मग २००६ मध्ये श्रीलंकेतून परागकण आणून हाताने परागीभवन करायचे प्रयत्न सुरू झाले, शेवटी थायलंडमधल्या झाडाचे परागकण आणले त्यावर २०१३ मध्ये जमलं. शास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या त्या एका झाडाच्या बाळंतपणात गेल्या म्हणा ना.

आणि वड. पेराडेनियाचं झाड मी बघितलंय, सुंदर आहे, पण शिबपूरचा वड ही वेगळी चीज आहे. पावणेपाच एकराच्या आसपास पसरलाय, तीन हजारांच्या वर पारंब्या जमिनीत गेलेल्या. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत मार लागला, बुरशी शिरली, आणि १९२५ मध्ये मूळ खोड काढून टाकावं लागलं. म्हणजे मधे बुंधाच नाही! बाहेरून जंगल वाटतं. तो अजून बाहेरच्या बाजूला वाढतोय, भोवती रस्ता केला होता तो ओलांडून गेला. अम्फान वादळाने २०२० मध्ये बागेचं बरंच नुकसान केलं, वडालाही झळ लागली, पण उभा आहे.

तिथेच एक वेडं झाड आहे, पागल गाछ म्हणतात, त्याचं एक पान दुसऱ्यासारखं नसतं. उनाडकी, तुमच्या पोराला तिथे सोडा.

गवती चहा

आम्ही मे महिन्यात कोलकात्याला चाललोय लग्नाला, शिबपूर जमेल का?

हावडा मेल

मे? कोलकात्यात? नका. लग्नही टाळता आलं तर बघा. अगदीच जायचं तर सकाळी उघडतानाच, गेटवर वेळ आणि सुट्टीचा वार आधी तपासून. १०९ हेक्टरची बाग आहे, पेराडेनियाच्या दुपटीला थोडी कमी, आणि वड गेटपासून बराच आत. पाणी भरपूर न्या. जायंट व्हिक्टोरिया कमळाचं तळं वाटेत लागलं तर पान उलटं कसं दिसतं ते कडेला बघा, खालून नुसते काटे. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर मजा, पण पिकनिकवाले असतात, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

उनाडकी

एक शेवटचा प्रश्न, सासरे विचारतायत म्हणून. तिथल्या जायफळाची एखादी बी किंवा रोप पुढच्या वेळी आणता येईल का? मी म्हटलं नाही, ते म्हणतात धाग्यावर विचार.

बोराटी

नाही. परदेशातून रोप किंवा लावायचं बियाणं आणायला आधी परवाना लागतो आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, विमानतळावर जप्त होईल. वर बखरवाल्यांनी कॉफीच्या बुरशीचं लिहिलंय ते सासऱ्यांना परत वाचून दाखव. शिवाय जायफळाचं बी सुकलं की मेलं, दिवसांत उगवण जाते. आणि उगवलं तरी नर की मादी हे कळायला सहा-सात वर्षं थांबा.

त्यापेक्षा दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या कोकण सुगंधा आणि कोकण स्वाद या जाती आहेत, त्यांची कलमं मिळतात. कलम घेतलं की नर-मादीचा जुगार नाही.

उनाडकी

दाखवलं वाचून. म्हणाले, कोकण स्वादची कलमं आहेतच वाडीत, त्यांना फक्त त्या माळ्याच्या हातची हवी होती.

सुरंगी

मग दालचिनीच्या काड्या मागवा त्याच्याकडून, वाळलेल्या. त्यावर कोणाची हरकत नाही.